सशाच्या आवाजाची शिट्टी

वसंतराव,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यापुढे एका गायन क्लासची पेटी उघडी पडलेली होती. बातमी ऐकली, फोन ठेवला आणि आधी भात्याची पट्टी चिकटवून पूर्ण केली. सरस वाळला असता. हे मी मालतीवहिनींना सांगितलं नाही, तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही म्हणाला असतात, "बरोबर केलंत. मी कुठे पळून चाललो होतो?"

पेपरातल्या चौकटीत तुम्ही 'टेलिफोन खात्यातून निवृत्त, मनमिळाऊ' असे आहात. मनमिळाऊ हा शब्द कोणी घातला याची मी चौकशी केली. तुमच्या जावयाने. ते बेंगळुरूला असतात, त्यामुळे त्यांना माफ आहे. तुमची-माझी ओळख ज्या वस्तूमुळे झाली तिचा चौकटीत उल्लेख नाही. नाही तेच बरं. पण आज दहा दिवस झाले, दुकानात बसल्या बसल्या मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून लिहितो आहे.

तुम्ही पहिल्यांदा नारायण पेठेतल्या माझ्या दुकानात आलात ते दुपारी, माझ्या जेवणाच्या वेळेला. मी तसं म्हणालोही. तुम्ही म्हणालात, "जेवा. मी उभा आहे." माणूस समोर उभा असताना कोण जेवतो? मी डबा बाजूला ठेवला. तुम्ही रुमालातून बोटभर लांबीची शिंगाची नळी काढून पाटावर ठेवलीत.

"यातला सूर बसलाय. होईल का?"

मी नळी उघडून पाहिली. आत पेटीत असतो तसाच पितळेचा सूर होता, फक्त आखूड आणि जाड. त्याची जीभ एका बाजूला कलली होती. "वाद्य कसलं हे?" मी विचारलं.

"वाद्य नाही."

याहून जास्त तुम्ही काही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. जीभ सरळ केली, टोकाशी जरा कानस मारली, कारण टोक घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो. मग नळी जुळवून तोंडाला लावली आणि फुंकली. तो आवाज ऐकून मी स्वतःच दचकलो. चिरका, फाटका, श्वासाश्वासाला तुटणारा. समोरच्या घरातल्या कुलकर्णीबाई खिडकीत आल्या. "अहो दाते, कोणाचं मूल रडतंय?"

तुम्ही वर पाहून अगदी शांतपणे म्हणालात, "मूल नाही. ससा आहे. मरतोय." खिडकी बंद झाली. तुम्ही माझ्याकडे वळलात. "चांगला लागलाय."

मग पायरीवर बसून तुम्ही सगळं सांगितलंत. तुमच्या मामांना शिकारीचा नाद होता. माळावर झुडपाआड बसायचं, ही शिट्टी वाजवायची. जखमी ससा ओरडतोय असं वाटून कोल्हा, खोकड, कधी लांडगा धावत यायचा आणि मामा बार टाकायचे. तुम्ही विशीत त्यांच्याबरोबर जायचात, पुढे स्वतः बार टाकायला लागलात. शिकारबंदीचा कायदा आला आणि मामांनी बंदूक जमा केली. शिट्टीचा कागदोपत्री कुठेच उल्लेख नव्हता, म्हणून ती तुमच्याकडे राहिली.

"मग आता कशाला वाजवता?" मी विचारलं.

"येतात का बघायला."

"आल्यावर?"

"आल्यावर काय? बघायचं."

मला ते उत्तर पटलं नाही आणि पुढच्या रविवारी पहाटे मी तुमच्या जुन्या मारुतीत बसलो. विश्रांतवाडीच्या तुमच्या घरून निघालो, वाघोलीच्या सोसायट्या मागे टाकल्या, पुढे नगर रस्ता सोडून आत वळलो. उजाडताना माळावर पोहोचलो. बोरी, बाभळी, गुडघाभर तरवड आणि धोतराला चिकटणारी कुसळं. धोतर मी नेसलो नव्हतो, तरी ती चिकटली. तुम्ही एका हिवराच्या झुडपामागे मला बसवलंत. वारा तोंडावर हवा, म्हणालात. वारा पाठीकडून असला तर त्यांना आपला वास आधी जातो. मग शिट्टी वाजवलीत. दोन-चार किंकाळ्या, मग थांबलात, मग आधीपेक्षा हळू. मी खुणेनेच विचारलं, जोरात का नाही? तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "मरणारा ससा थकतो."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. आयुष्यभर मी सूर लावत आलो, पण सुराला थकवा द्यायचा असतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

थोड्या वेळाने खोकड आलं. मांजरापेक्षा थोडं मोठं, राखाडी, शेपटीचं टोक काळं. दहा-बारा पावलांवर येऊन थांबलं आणि मान वाकडी करून बघत राहिलं. ते मला बघत नव्हतं. माझ्या मांडीपाशी कुठेतरी मरत पडलेला ससा शोधत होतं. मग त्याला मी दिसलो. त्याने जे तोंड केलं, त्याला मी आजही फसवणूक झालेल्या माणसाचं तोंड म्हणतो. तुम्ही म्हणायचात की प्राण्याला तोंड करता येत नाही, ते मीच केलेलं असणार.

आपला वाद त्याच सकाळी सुरू झाला आणि मग कित्येक रविवार चालला. माझं म्हणणं होतं, हे खोटं बोलावणं आहे. ते पोटासाठी येतं, तुम्ही त्याला डोळ्यांसाठी बोलावता.

"मग पूर्वी आम्ही खरं बोलावत होतो," तुम्ही म्हणायचात. "बोलावून मारत होतो. ते तुम्हाला चालेल का?"

"दोन्ही नको."

"मग घरी बसा. पेटी वाजवा."

पण पुढच्या रविवारी तुम्हीच खाली येऊन हॉर्न वाजवायचात आणि मी तयार असायचो. आज बसून विचार केला तर वाटतं, आपल्याला खोकडापेक्षा वादाची गोडी जास्त होती. तुमच्याशी भांडायला दर आठवड्याला चाळीस किलोमीटर जावं लागायचं, आणि ते मला लांब वाटलं नाही.

माळावर सोपान भेटायचा. पन्नाशीचा मेंढपाळ, दोन कुत्री, डोक्याला मुंडासं. शिट्टीचा आवाज त्याच्या ओळखीचा झाला होता. "काका, तुमचा ससा काय अजून मेला न्हाई व्हय?" असं तो लांबूनच ओरडायचा. त्यानेच आपल्याला लांडगीण दाखवली. डाव्या कानाला खाच असलेली, लांब पायांची. तिने त्याची दोन कोकरं नेली होती आणि तो तिला मोकळ्या मनाने शिव्या द्यायचा. पण ती दिसली की कुत्र्यांना गप्प करून उभा राहायचा. एकदा तुमच्या शिट्टीला ती आली. झुडपाला लांबून वळसा घालून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेली, एकदा नाक वर केलं आणि आली तशी निघून गेली. तुम्ही शिट्टी खिशात टाकलीत. "हिला कळलं," म्हणालात. तुमच्या आवाजात मी त्याआधी आणि त्यानंतर कधी आदर ऐकला नाही. भीमसेनी कापरासारखी दुर्मीळ गोष्ट होती ती.

आता ते लिहितो जे तुम्हाला सांगितलं नाही.

वाघोलीच्या एका सोसायटीत राहणारा निखिल नावाचा माणूस मुलीची पेटी घेऊन दुकानात आला होता. मूळचा यवतमाळकडचा, आयटीत नोकरी, फोटोंचा नाद. बोलता बोलता मीच शिट्टीचा विषय काढला. त्याने विचारलं नव्हतं. माणसाला आपल्याकडे काहीतरी वेगळं आहे हे सांगायचं असतं, तसं मी सांगितलं. तो म्हणाला, "काका, एक मला पण बनवून द्या ना. फक्त फोटोसाठी, प्रॉमिस."

मी नाही म्हणायला हवं होतं. निदान तुम्हाला विचारायला हवं होतं. पण मला ती करून बघायची होती. पेटीवाल्याला जन्मभर एक टोमणा ऐकावा लागतो: तुमच्या वाद्यात मींड येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं पेटीला जमत नाही, हे खरं आहे. शिट्टीत ते जमणार होतं. सूर दातांत दाबून हलकेच सोडला की आवाज खाली घसरतो. मी जीभ मुळाशी पातळ केली, तीन सूर फुकट घालवले आणि चौथ्यात ते साधलं. किंकाळीच्या शेवटी आवाज मोडून खाली उतरायचा, जसा श्वास संपतो तसा. तुमच्या मामांच्या शिट्टीपेक्षा माझी चांगली झाली होती. ते तुम्हाला ऐकवायची मला फार इच्छा होती आणि नेमकं तेच शक्य नव्हतं.

निखिलने फसवलं असं म्हणणार नाही. त्याने फोटोच काढले. फक्त एकदा शिट्टीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून आपल्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला, हे त्यालाही माहीत नाही.

दोन-तीन महिन्यांत तुमच्या लक्षात आलं. तुम्ही वाजवायचात आणि काहीच यायचं नाही. एकदा एक कोल्हा लांब उभा राहून ऐकत होता आणि दुसऱ्या किंकाळीला पाठ फिरवून गेला. तुम्ही म्हणालात, "दुसरं कोणीतरी इथे वाजवतंय. रोज. यांचे कान विटलेत." मी कुसळं काढत बसलो होतो. काढत राहिलो.

आणि मग ती सकाळ. आपण पोहोचलो तेव्हा माळावर माणसं जमली होती. लांडगीण बाभळीखाली पडली होती, मानेत छर्रे. सोपानने बार ऐकला, कुत्री सोडली, आरडाओरडा केला, तेव्हा दोघं जण मोटारसायकलवरून पळाले. पळताना एक छोटा स्पीकर झुडपात राहिला होता. वनखात्याचा माणूस पंचनामा करत होता. त्याने आपल्यासमोर तो स्पीकर सुरू केला.

किंकाळी आली. दुसरी आली. आणि शेवटी आवाज मोडून खाली घसरला.

वसंतराव, त्या क्षणी तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तिथे प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे पाहत होता आणि तुम्ही समोरच्या दगडाकडे पाहत होतात. ठरवून न पाहणं कसं दिसतं, हे मला तेव्हा समजलं.

सोपान तुमच्यासमोर येऊन उभा राहिला. "ह्यो तुमच्या शिट्टीचा आवाज हाय."

तुम्ही दगडाकडेच पाहत राहिलात.

"माजी कोकरं खाल्ली तिनं. मी दगूड मारला असता, कुत्री घातली असती. पर ती आन् मी, आमचं आमी बघून घेतलं असतं. हिला हाक मारून मारली. कुणी मरतंय म्हनून ती आली, काका. असं न्हाई करायचं."

मी तुमच्या शेजारी उभा होतो. हातभर अंतरावर. 'अरे सोपान, ती शिट्टी यांची नाही, माझी,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी मनात ते वाक्य जुळवत होतो. निखिलचं नाव घ्यावं का, पंचनाम्यात आपलं नाव येईल का, दुकानाचं काय होईल. एवढ्यात सोपान पाठ वळवून गेलाही. तुम्ही माझ्या हाताला धरून म्हणालात, "चला." परतताना वाघोलीला आपण नेहमीसारखा चहा घेतला. तुम्ही चहा फार गोड आहे अशी तक्रार केलीत. तीही नेहमीसारखीच.

चार दिवसांनी तुम्ही दुकानात आलात आणि शिंगाची नळी पाटावर ठेवलीत. "यातला सूर काढून टाका."

मी काढला. तुम्ही मोकळी नळी खिशात घातलीत. सूर तिथेच राहिला, तो मी जुन्या सुरांच्या डब्यात टाकला, आता ओळखूही येणार नाही. पायरी उतरताना तुम्ही क्षणभर थांबलात. मला वाटलं, आता विचाराल. तुम्ही म्हणालात, "दाते, तुमचं म्हणणं बरोबर होतं. खोटं बोलावणंच ते." इतक्या वर्षांच्या भांडणात तुम्ही मला एकदाच जिंकू दिलंत. इतका कडू विजय मी पाहिला नाही.

त्यानंतर रविवार बंद झाले. गुडघे दुखतात, म्हणालात. मी विश्रांतवाडीला यायचो, वहिनी पोहे करायच्या, आपण महापालिकेला शिव्या द्यायचो. माळाचा विषय दोघांनीही काढला नाही. दर खेपेला मी घरून ठरवून निघायचो, आज सांगायचं. दवाखान्यातही ठरवून आलो होतो. तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही डोळे उघडलेत, मला पाहिलंत आणि म्हणालात, "दुकान बंद ठेवून आलात? गिऱ्हाईक जाईल." मी म्हणालो, "जाऊ दे." मग नर्स आली आणि मी उठलो. माझ्याजवळ पाऊण तास होता आणि मी नर्सचं निमित्त केलं.

काल मी माळावर गेलो. तुमची मारुती नाही, म्हणून वाघोलीपर्यंत बसने आणि पुढे रिक्षाने. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "काका, नक्की इथेच उतरायचंय?" माळ निम्मा राहिलाय. एका अंगाला प्लॉटिंगचे खांब रोवलेत. सोपान सापडायला तासभर गेला. तो थकलाय, एक डोळा गढूळ झालाय, पण मला ओळखलं. "पेटीवाले काका ना तुमी?"

मी तुम्ही गेल्याचं सांगितलं. तो खाली बसला. मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. निखिल, दुसरी शिट्टी, रेकॉर्डिंग. म्हणालो, "सोपान, त्या दिवशी तू त्यांना बोललास. तो दोष माझा होता."

सोपानने माझ्याकडे निरखून पाहिलं. "ते येत व्हते की हितं."

"कोण?"

"वसंतकाका. तुमी न्हाई यायचा, ते एकलेच यायचे. काठी टेकत. मी आधी आधी बोलायचो न्हाई. ते तिकडं धोंड्यावर बसायचे, मी हिकडं. मग एकदा पान्याची बाटली दिली त्यांनी. मग बोलाय लागलो."

गुडघ्यांचं कारण तुम्ही मला सांगितलं होतंत. मी विश्वास ठेवला होता.

"यकदा मी इचारलं त्यांना," सोपान म्हणाला. "म्हनलं, काका, घरी जाऊन लई इचार केला. त्यो आवाज शेवटाला खाली पडत व्हता. तुमचा तसा पडायचा न्हाई, मला चांगला ठाव हाय. शिट्टी तुमची नव्हती, मंग कुनाची? तर म्हनले, 'माझीच समज.'"

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच. लई येळा इचारलं. 'माझीच समज.' कुनाचं नाव न्हाई घेतलं." त्याने मुंडासं पुन्हा गुंडाळलं. "आज तुमी आला म्हनून मला कळलं."

मी त्याला विचारलं, तू मला काही बोलणार नाहीस का? तो उठला, मेंढरांकडे बघितलं. "मला काय सांगता काका? हे त्यांला सांगायचं हुतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. दुपार व्हायला आली होती, त्याला मेंढरं पाण्यावर न्यायची होती. तो गेला. मी रस्त्यापर्यंत चालत आलो.

म्हणून आता सांगतो, वसंतराव, तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं तरी. ती शिट्टी मी केली. हौसेने केली आणि चांगली केली. तुमच्यावर आळ आला तेव्हा मी शेजारी उभा राहून गप्प बसलो, आणि नंतरची सगळी वर्षं गप्पच बसलो. तुम्ही मला सांभाळलंत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. मैत्रीत कोणी एवढं करत नाही, आणि पुण्यात तर नाहीच.

पण एका बाबतीत माझं भांडण मिटलेलं नाही. 'माझीच समज' हे तुम्ही सोपानला सांगितलंत, उन्हात, चार-चारदा. ते एकदा मला म्हणायला हवं होतंत. विश्रांतवाडीला पोहे खाताना, माझ्याकडे न बघता म्हणाला असतात तरी चाललं असतं. मी लगेच म्हणालो असतो, "नाही, तुमची नाही, माझी."

म्हणालो असतो, असं मला वाटतं.